दुरुस्तीचा विभाग वेगळा

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले तेवढ्या काळात आमच्या घरमालकांनी मला नावाने एकदाही हाक मारली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय करता आपण?" मी सांगितलं की मी कंपन्यांसाठी मॅन्युअलं लिहिते, म्हणजे एखादी वस्तू कशी वापरायची ते सांगणारी पुस्तकं.

"म्हणजे वस्तू तुम्ही बनवत नाही."

"नाही."

"वापरता?"

"बहुतेक वेळा नाही."

"फक्त सांगता. छान आहे."

त्या दिवसापासून मी 'मॅन्युअल' झाले. दूधवाला 'दूध' होता. समोरच्या बंगल्यातले निवृत्त बँक मॅनेजर 'व्याजदर' होते. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, डॉक्टरांचं नाव 'बघू या' होतं, कारण काहीही विचारलं तरी ते तेवढंच म्हणायचे. घरमालकांना मी काका म्हणायचे, आणि त्यावर त्यांनी कधी हरकत घेतली नाही, एवढीच आमची जवळीक.

काका एका मोठ्या कारखान्यात तपासनीस होते. यंत्राचे सुटे भाग तपासायचे, दोष दिसला की त्याच्याभोवती पिवळ्या खडूने गोल काढायचा, "रिजेक्ट" म्हणायचं आणि तो भाग परत पाठवायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खडू सदऱ्याच्या खिशातच राहिला होता. सहकारनगरातल्या त्या छोट्याशा बंगल्यात सगळीकडे पिवळे गोल होते. जिन्यातल्या तडकलेल्या फरशीला गोल, फाटकाच्या गंजाला गोल, आणि एकदा तर पपईवाल्याने दिलेल्या पपईवर गोल काढून ती त्याच्याच हातगाडीवर परत ठेवलेली मी पाहिली आहे. पपईवाला पुढच्या आठवड्यापासून आमच्या गल्लीत शिरताना जरा जपूनच शिरत असे.

माझ्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली तेव्हा मी खाली जाऊन सांगितलं. काका स्टूल घेऊन वर आले, चष्मा पुसला, ओल नीट पाहिली, तिच्याभोवती एक सुरेख गोल काढला आणि जिना उतरायला लागले.

"काका, आणि दुरुस्ती?"

"माझं काम दोष दाखवणं. दुरुस्तीचा विभाग वेगळा."

"तो कुठे आहे?"

"ते मला कंपनीतसुद्धा कधी कळलं नाही."

मी हसावं की चिडावं, हे मला तेव्हाही कळलं नाही. शेवटी प्लंबर मीच बोलावला. तो गळती बंद करून गेल्यावर काका पुन्हा वर आले, छत पाहिलं आणि ओल्या फडक्याने गोल पुसून टाकला. "पास" वगैरे काही म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही.

काकूंचं विसरणं मी राहायला येण्याआधीच सुरू झालं होतं. सकाळी त्या बऱ्या असत. भाजी निवडत, रेडिओ ऐकत, मला "जेवलीस का गं" विचारत आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारत. पण दुपार कलली, चार वाजायला आले, की त्या अस्वस्थ व्हायच्या. अंबाडा नीट बांधायच्या, पर्स घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चला, उशीर झाला. आता घरी जायला हवं." हे स्वतःच्याच घरात उभं राहून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शहाणपणाने म्हटलं, "काकू, हेच तर तुमचं घर." त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी त्यांना कोंडून ठेवलंय, आणि रडायला लागल्या. नंतर काकांनी मला बाजूला घेतलं. "अहो मॅन्युअल, आपण चुकीच्या पत्त्यावर आलोय असं ज्याला वाटतंय, त्याला पत्ता वाचून दाखवून काय उपयोग?"

त्यांचा स्वतःचा उपाय गाडी हा होता. त्यांच्याकडे एक जुनी, पांढरी, छोटी गाडी होती. चारच्या सुमाराला ते ती फाटकाबाहेर काढायचे, दार उघडायचे आणि म्हणायचे, "चल, घरी नेतो." काकू यायच्या, बॉनेटवर क्षणभर हात टेकायच्या आणि मग आत बसायच्या. कात्रजच्या तळ्यापर्यंत जाऊन दोघं परत यायचे. त्याच फाटकातून आत येताना काकू चपला काढून हुश्श करायच्या आणि म्हणायच्या, "आलो बाई एकदाचे घरी." मग सगळी संध्याकाळ शांत. एकदा गाडीची बॅटरी उतरली होती आणि फेरी चुकली. त्या दिवशी काकू कुणाच्या नकळत बाहेर पडल्या आणि अंधार पडल्यावर पलीकडच्या गल्लीत एका परक्या घराच्या पायरीवर सापडल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. तेव्हापासून काका गाडीला जिवापाड जपत. ती फेरी चुकली की काकू घरी येत नाहीत, असं त्यांचं साधं गणित होतं.

त्या गाडीच्या बॉनेटवर मधोमध पंज्याएवढं एक फिकट गुलाबी स्वस्तिक होतं. काकूंनी दर दसऱ्याला कुंकू कालवून ते काढायचं, काकांनी "पेंट खराब होतो" म्हणून वैतागायचं, आणि काकूंनी "गाडी पेंट बघायला घेतलीय का बसायला?" म्हणायचं, हे म्हणे गाडी आली तेव्हापासून चालू होतं. दुसऱ्या दिवशी काका ते धुऊन काढायचे. पण कुंकवाचा डाग पुरता जात नसे, आणि पुढच्या वर्षी काकू नेमक्या त्याच रेघांवरून बोट फिरवत. काकांनी त्याच्याभोवती दर वर्षी खडूने गोल काढला होता. मी तिथे असताना आलेल्या दसऱ्याला मात्र काकूंना ते सुचलं नाही. काकांनी गाडीला नुसता झेंडूचा हार घातला.

मग थंडीत एका दुपारी काकू गाडीत बसता बसता थांबल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "अहो, केवढी कळकट झालीय ही. कुणाच्या दारात न्यायची लाज वाटते." कित्येक दिवसांत त्या असं सरळ, पूर्ण वाक्य बोलल्या नव्हत्या. काका फेरीवरून परत आले ते मला हाक मारतच.

"अहो मॅन्युअल, खाली या. तक्रार आली आहे."

"कुणाची?"

"ग्राहकाची."

मी सुचवलं की हल्ली गाड्या चकचकीत करून देणारी दुकानं असतात, दोन दिवस गाडी त्यांच्याकडे ठेवायची. "दोन दिवस," काका म्हणाले. "आणि चार वाजता काय करू? पाठीवर घेऊन जाऊ तिला?" काम घरीच करायचं, सकाळी सुरू करून चारच्या आत संपवायचं, असं ठरलं. ज्या माणसाने जन्मात एक खिळा ठोकला नव्हता तो आता गाडी मशीनने पॉलिश करणार होता. मला यात का ओढलं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

मशीन घ्यायला आम्ही बुधवार पेठेत गेलो. काकांनी दुकानदाराकडून पाण्याचा ग्लास मागून घेतला, काउंटरवर ठेवला आणि शेजारी मशीन चालू करायला लावलं. पाणी किती हलतं ते वाकून बघत राहिले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. दुकानदार शेवटी म्हणाला, "काका, पॉलिशचं मशीन आहे हे, ऑपरेशनचं नाही."

"ते तुम्हाला माहीत. मशीनला माहीत आहे का?"

घरी आल्यावर त्यांनी खोक्यातलं माहितीपुस्तक माझ्या हातात दिलं. भाषा इंग्रजी असावी. 'यंत्राला आनंदाने घट्ट धरा' अशा अर्थाचं एक वाक्य होतं, आणि 'पृष्ठभाग रागावल्यास थांबा' असं दुसरं. मी वाचून दाखवलं. काका म्हणाले, "तुमच्याच कंपनीचं दिसतंय."

मग आम्ही मोबाइलवर व्हिडिओ पाहायला बसलो आणि होता नव्हता तो अंदाजही गेला. एक म्हणाला मशीन दाबून धरा, दुसरा म्हणाला दाबलंत तर रंग जळेल. एकाने पॉलिशचं मलम वाटाण्याएवढं घ्यायला सांगितलं, दुसऱ्याने मशीनच्या अख्ख्या पॅडला श्रीखंडासारखं फासलं. सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं, की आधी गाडीवर धुळीचा कणही असता कामा नये. काकांनी हे लक्षपूर्वक ऐकलं. तरीही रविवारी सकाळी मी खाली उतरले तेव्हा गाडीवर कांजिण्या आल्यासारखे पिवळे गोल होते. प्रत्येक चरा, प्रत्येक डाग, पक्ष्याची प्रत्येक जुनी खूण त्यांनी खडूने नोंदवली होती.

"काका, खडू म्हणजे धूळच की. हे धुवायला लागेल."

ते बादली भरून घेऊन आले. मग गाडी धुतली. धुतल्यावर गोल गेले आणि दोष कुठे होते तेच आम्हाला सापडेना. "तपासणी दुरुस्तीच्या आधी करतात," काका स्वतःशीच पुटपुटले, "मग गोलच धुतले गेले तर दुरुस्तीवाल्यांना कसं कळायचं?" आयुष्यभर गोल काढून पाठवलेल्या वस्तूंचं पुढे काय होत होतं, हा प्रश्न त्यांना बहुधा पहिल्यांदाच पडला होता.

नमुना म्हणून त्यांनी आधी माझी स्कूटर घेतली. माझी परवानगी विचारली नाही. व्हिडिओतल्या प्रत्येकाने सांगितलं होतं, की पॅड आधी टेकवायचं आणि मग बटण दाबायचं. मीही ते दोनदा वाचून दाखवलं होतं. काकांनी मशीन छातीशी उचललं, नीट धरलं आणि बटण दाबलं. मलम भिंतीवर, तुळशीवर, माझ्या वाळत घातलेल्या ओढणीवर आणि त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर उडालं. आतल्या खोलीत काकू मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी आवाज दिला, "गिरणी कुणी चालू केली?"

"बंद करतोय," काका म्हणाले. त्यांना बटण सापडत नव्हतं.

पण हळूहळू हात बसला. स्कूटरचा एक गाल लखलखायला लागला, तो आजही दुसऱ्यापेक्षा उजळ आहे. मग ते गॅरेजमधल्या गाडीकडे वळले. मी काळ्या रबरावर चिकटपट्ट्या लावत होते, ते दारावर आडवं-उभं मशीन फिरवत होते. थोड्या वेळाने पॅड पांढरंफटक झालं आणि मी घाबरले. "काका, रंग निघतोय." पुन्हा मोबाइल काढला. जुन्या गाड्यांचा वरचा, मेलेला रंग असा निघतोच, असं कळलं. काका म्हणाले, "म्हणजे पॉलिश म्हणजे चांगलं लावणं नाही, वाईट काढणं. आधी सांगायचं ना. हे मला जमतं." आणि ते खुशीत आले. खरंच आले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मध्येच आत जाऊन सांगून आले, "अगं, तुझी तक्रार घेतलीय हं मनावर." आतून काकू म्हणाल्या, "बसा, चहा घेऊन जा." तो माणूस कोण हे त्यांना कळलं होतं की नव्हतं, कुणास ठाऊक.

बॉनेट सगळ्यात शेवटी घेतलं. उन्हं गॅरेजच्या तोंडाशी आली होती आणि आम्ही घाईत होतो. मधोमध मशीन फिरलं तेव्हा पॅड जरा गुलाबी झालं. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

"घाण निघतेय," काका म्हणाले, आणि त्यांनी पॅड बदललं.

चारच्या आत काम संपलं. मेणाचा शेवटचा हात तेवढा राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी द्यायचं ठरलं. गाडी खरोखर नव्यासारखी दिसत होती. काका खडू हातात घेऊन तिच्याभोवती फिरले, गुडघ्यावर बसून खालून पाहिलं, दाराच्या कडा पाहिल्या. गोल काढायला त्यांना जागाच सापडली नाही. त्यांनी खडू खिशात ठेवला, हातपाय धुतले, धुवट सदरा घातला आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

काकू पर्स घेऊन आल्या. मी वरच्या गॅलरीत होते. त्या गाडीपाशी आल्या आणि हात बॉनेटकडे नेला. तो हात तिथे टेकला आणि काहीतरी शोधल्यासारखा फिरत राहिला. रोज त्या तिथे हात ठेवत तेव्हा मला वाटायचं, तोल सांभाळायला ठेवत असतील. मग त्यांनी हात मागे घेतला.

"बस ना," काका म्हणाले. "घरी जायचंय ना?"

"ही आपली नाही."

"आपलीच आहे. नंबर बघ."

काकूंनी नंबर पाहिला नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं, आणि एखाद्या चांगल्या घरातल्या परक्या माणसाशी बोलावं तसं आदबीने म्हणाल्या, "गाडी छान आहे हो तुमची. पण आमचे हे येतीलच आता गाडी घेऊन. मी थांबते."

आणि त्या फाटकाला टेकून रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मी खाली धावले, पण खाली येऊन काय करायचं ते मला कळत नव्हतं. काकांनी हॉर्न वाजवून दाखवला. आतलं जुनं सीट कव्हर दाखवलं, आरशाला लटकणारा गणपती दाखवला. काकू मान डोलावत होत्या आणि रस्त्याकडे बघत होत्या. ऊन उतरलं. 'व्याजदर' त्यांच्या गॅलरीतून बघत होते, ते आत गेले. मला त्या परक्या घराची पायरी आठवत होती. काकांचा चेहरा मला बघवेना. इतक्या महिन्यांत ह्या माणसाची मला भीती वाटली होती, राग आला होता, हसू आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची दया आली, आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी खाली बघत राहिले.

काकाही खालीच बघत होते. गॅरेजच्या फरशीवर पडलेलं ते गुलाबी पॅड बघत होते. ते उचलून त्यांनी जरा वेळ हातात धरलं. मग खिशातून खडू काढला आणि बॉनेटवर, मधोमध, पिवळ्या खडूने स्वस्तिक काढायला लागले. आयुष्यभर गोल काढलेल्या हाताला सरळ रेघ जमत नव्हती.

काकूंनी वळून पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"खडूनं काढतात का कुणी?" त्या म्हणाल्या.

काका आत गेले. त्यांना देवघरात शिरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आतून भांडी पडल्याचा आवाज आला. परत आले ते कुंकवाचा करंडा आणि पाण्याची वाटी घेऊन. त्यांनी ते काकूंच्या पुढे धरलं. काकूंनी पदराने खडू पुसला, वाटीत बोट बुडवलं, कुंकू कालवलं आणि त्या चमकत्या पांढऱ्या पत्र्यावर बोट टेकवलं. थांबल्या नाहीत, विचार केला नाही. एक रेघ, दुसरी रेघ, चार वळणं, चार ठिपके. मग हात जोडले. आणि मान वर करून काकांकडे बघत, रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"अहो, किती वेळ लावलात आज."

काकांनी गाडीचं दार उघडलं.

"ट्रॅफिक होतं," ते म्हणाले.

काकू बसल्या. गाडी कात्रजच्या दिशेने वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. ते परत आले तेव्हा दिवे लागले होते. काकूंनी चपला काढल्या आणि "आलो बाई एकदाचे घरी" म्हणाल्या, ते मी जिन्यातून ऐकलं, आणि मग मला रडू आलं.

काकूंनी त्या संध्याकाळी गाडी ओळखली की काकांना, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. काकांना कळलं होतं का, तेही माहीत नाही, आणि विचारण्यासारखं ते माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली. काका मेणाची बाटली हातात घेऊन बॉनेटसमोर उभे होते. कुंकू वाळून जरा पुसट झालं होतं.

"अहो मॅन्युअल, हे लावलं तर हे राहील का?"

"नाही काका. ते फडक्याने चोळून लावायचं असतं. सगळं पुसलं जाईल."

"मग हे टिकवायला काय लावतात?"

मी वर जाऊन माहितीपुस्तक आणलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं. डाग कसा घालवायचा, चरा कसा घालवायचा, जुना थर कसा घालवायचा, सगळं होतं. काका शेजारी उभे राहून वाट बघत होते.

"पुस्तकात नाहीये, काका."

"मग पुस्तक रिजेक्ट," काका म्हणाले, आणि कुंकवाचा करंडा गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवून त्यांनी कप्पा लावून घेतला.